नवोदयची जागा हुकते ती परीक्षेच्या आधीच

खडूफळा | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको, असं चाललं होतं. आज लिहितोच.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, हे सतरावं वर्ष. आमचं गाव ऊसतोडीचं. दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव 'कारखान्याला' जातं आणि पाडव्याच्या सुमारास परत येतं. मधले पाच महिने वर्गात कोण असतं, तर ज्यांच्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत ते, आणि ज्यांना चार एकर पाण्याची जमीन आहे ते.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे चौथीत एक मुलगी होती. एप्रिलमध्ये आई-बापाबरोबर परत आली तेव्हा मी भागाकार घेत होतो. ती म्हणाली, "गुर्जी, हे तर मी फडात रोज करते." बैलगाडीत किती मोळ्या भरल्या आणि काट्यावर वजन किती आलं, यावरून ती एका मोळीचं वजन काढायची. मग दुसऱ्या दिवशी मोळ्या मोजून गाडी किती भरेल ते बापाला आधीच सांगायची. कागद नाही, पेन नाही. मुकादमाच्या वहीत बापाच्या दोन खेपा कमी लागल्यात, हेही तिनंच धरून दिलं होतं. दहा वर्षांची पोर!

पाचवीत तिचा नवोदयच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म मी स्वतः भरला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोज शाळा सुटल्यावर तासभर बसवलं. आकृत्यांचे प्रश्न तिला खेळासारखे वाटायचे. दिवाळी झाली, टोळी निघाली. घरी मागे कुणीच नव्हतं. गावात त्या वर्षी हंगामी वसतिगृह सुरू झालं नाही. ती गेली, धाकट्या भावाला सांभाळायला. परीक्षा जानेवारीत. मी फोनवर फोन केले. बाप रडवेला होऊन म्हणाला, "गुर्जी, उचल घेतलीय. आणायचं-न्यायचं म्हणजे दोन-तीन दिवसांचा खाडा. मुकादम सोडत नाही." तिच्या प्रवेशपत्राची प्रिंट अजून माझ्या कपाटात आहे.

त्याच वर्षी आमच्या भागातला एक मुलगा नवोदयला लागला. त्याचं नाव होतं शेजारच्या गावच्या शाळेत. प्रत्यक्षात तो राहायचा तालुक्याला, एका क्लासच्या वसतिगृहात. शाळेच्या हजेरीत तो रोज हजर. मुलगा हुशार आहे यात मला तिळमात्र शंका नाही, आणि त्याच्याबद्दल मनात काही नाही. पण निकाल लागला त्या रात्री मला झोप आली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे सहावी ते बारावीची केंद्र सरकारची निवासी शाळा. साधारण जिल्ह्याला एक. मुख्यतः ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी. एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांगांचं आरक्षण. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण मानसिक क्षमता म्हणजे निव्वळ आकृत्या, २५ गणित, २५ भाषा. पेपर मराठीतही देता येतो. मुलाखत नाही, शिफारस नाही. आयुष्यात एकदाच बसता येतं.

कागदावर यापेक्षा न्याय्य काय असणार? तरीही मला वाटतं, निवड परीक्षेच्या हॉलमध्ये होतच नाही. ती फॉर्म कोणाचा भरला जातो आणि जानेवारीतल्या त्या शनिवारी कोण जिल्ह्यात असतं, इथेच होऊन गेलेली असते.

तुमचे अनुभव काय आहेत? माझं कुठे चुकत असेल तर तेही सांगा.

---

नवोदयन | रविवार, रात्री १०:२५

सर, लेख वाचून गलबललो. तरी एक बाजू मांडतो, कारण ती मांडायला माझ्यासारखाच माणूस लागतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. बाप सालदार. पाचवीला असताना आमच्या वर्गात गावातल्या सावकाराचा नातू होता. गुरुजींनी नाव सुचवायचं असतं तर त्यांनी कोणाचं सुचवलं असतं, हे मला विचारू नका. परीक्षेत मात्र माझ्या उत्तरपत्रिकेवर फक्त काळे केलेले गोल होते. त्या गोलांना माझी जात दिसली नाही, पायात चप्पल नव्हती तेही दिसलं नाही. मी लागलो. सात वर्षं राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं मिळालं. नववीत वर्षभर हिंदी मुलखात स्थलांतर झालं. सुरुवातीला रडलो, परत येताना तिथली पोरं रडत होती. आज बेंगळुरूत नोकरी करतो.

म्हणून परीक्षेला हात लावायचं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. परीक्षा गेली की तिच्या जागी येते ओळख. गरिबाच्या पोराला पेपर परवडतो, ओळख परवडत नाही.

---

ओवीची आई | रविवार, रात्री ११:०२

खडूफळा सर, तुमच्या विद्यार्थिनीबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. पण क्लासला जाणाऱ्या मुलांविषयी लिहिलंत ते मनाला लागलं.

आमचे हे एसटीत वाहक आहेत. आम्ही लातूरजवळच्या एका गावात राहतो. मुलीला चौथीपासून नवोदयच्या क्लासला घातलं, त्यासाठी मी माझी पाटली मोडली. ती शाळेत खरोखर जाते, हजेरी खोटी नाही. पहाटे पाचला उठून आरशातल्या प्रतिमा आणि लपलेल्या आकृत्या सोडवते. तिच्या शाळेत दोन वर्ग मिळून एक शिक्षक आहेत आणि तेही निम्मे दिवस कुठल्या ना कुठल्या माहितीच्या तक्त्यांत. मी क्लास लावला नसता तर तिला कोणी शिकवलं असतं? आमच्याकडे बंगला नाही की डोनेशन नाही. हाच एक दरवाजा आहे आणि तो आयुष्यात एकदाच उघडतो. त्यासाठी जिवाचं रान करणं हा अन्याय कसा?

---

खडूफळा | रविवार, रात्री ११:३०

ताई, माफ करा. मेहनत करणाऱ्या लेकरावर माझा राग असूच शकत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. मला खटकतं ते खोट्या हजेरीचं. नियम असा आहे की ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी पूर्ण ग्रामीण शाळेत झालेली हवी. एक दिवस जरी शहरी शाळेत काढला तरी मूल शहरी धरतात. इतका कडक नियम, आणि तो पाळला जातो फक्त दाखल्यावर.

नवोदयन भाऊ, शिफारस मलाही नको आहे. त्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे.

---

निवृत्त केंद्रप्रमुख | सोमवार, सकाळी ७:१५

या विषयात बत्तीस वर्षं काढली आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवोदयची सुरुवात १९८५-८६ साली प्रायोगिक म्हणून दोनच शाळांनी झाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती देशभर नेली. (तमिळनाडूने मात्र भाषेच्या प्रश्नावरून नवोदय आजतागायत येऊ दिलं नाही.) कल्पना सुंदर होती. खेड्यातलं हुशार मूल पैशावाचून अडू नये आणि ही शाळा आसपासच्या शाळांनाही पुढे ओढणारी ठरावी. पहिला भाग बऱ्याच अंशी साधला. दुसरा भाग मी माझ्या केंद्रात कधी पाहिला नाही.

आता आतली गोष्ट. फॉर्म कोणाचे भरायचे हे बहुतेक ठिकाणी कोण ठरवतं? वर्गशिक्षक. वाईट हेतूने नाही. पण पंचवीस मुलांचे फॉर्म भरायचे म्हणजे फोटो, आधार, मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला, पालकाची सही, मग ते सगळं स्कॅन करून ऑनलाइन चढवणं. रेंज नसते, साइट अडकते. मग शिक्षक म्हणतो, लागण्यासारखी चार-पाच आहेत, तेवढ्यांचे भरू. आणि 'लागण्यासारखी' कोण? ज्यांची वही नेटकी, जी रोज येतात, ज्यांचे पालक येऊन विचारतात. म्हणजे नवोदयन म्हणतात ती शिफारस आजही आहेच, फक्त ती कुठे लिहिलेली नसते.

मी स्वतः हे केलं आहे. एका पारधी वस्तीवरच्या शाळेत मी शिक्षकांना म्हणालो होतो, "इथून कशाला, वेळ घालवू नका." आज ते वाक्य आठवलं की जेवण जात नाही.

आणखी एक, बारीक वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट. आमची पोरं पाचवीपर्यंत पेन्सिलीने किंवा जमेल तसं लिहितात. परीक्षेला बॉलपेनने गोल काळा करायचा असतो, एकदा केला की पुसायची सोय नाही. क्लासच्या मुलाने असे शंभर कागद भरलेले असतात. आमच्या मुलाला गोल भरणं हाच पहिला पेपर असतो.

---

आकडेमोड | सोमवार, सकाळी ९:५०

केंद्रप्रमुखांनी जे लिहिलं आहे ते अगदी मोजून पाहिलेलं आहे, फक्त अमेरिकेत.

फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात आधी अशी पद्धत होती की शिक्षक किंवा पालक नाव सुचवतील त्या मुलाची बुद्धिमत्ता चाचणी व्हायची, आणि उत्तीर्ण झालं तर ते हुशार मुलांच्या खास वर्गात. वर्ग बहुतेक गोऱ्या, सुस्थितीतल्या मुलांनी भरलेले. २००५ पासून जिल्ह्याने दुसरीच्या प्रत्येक मुलाची आकृत्यांची एक छोटी चाचणी सुरू केली. कोणी सुचवायची गरज नाही, सरसकट सगळे. तिच्यात चमकलेल्यांना पुढच्या बुद्धिमत्ता चाचणीला पाठवायचं. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थतज्ज्ञांनी याचा अभ्यास केला. पात्रतेची रेघ जराही खाली आणली नव्हती, तरी हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं आणि कृष्णवर्णीय मुलांचंही खूप वाढलं. म्हणजे ती मुलं आधीपासून त्याच बाकांवर होती. त्यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं, इतकंच. पुढे मंदीत पैसे कमी पडले, सरसकट चाचणी बंद झाली आणि प्रमाण परत होतं तिथे गेलं.

माणसाच्या नजरेवर सोडलं की काय होतं याचं जुनं उदाहरण म्हणजे १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेला लुईस टर्मन यांचा अभ्यास. शिक्षकांनी सुचवलेल्या मुलांमधून चाचणी घेऊन हुशार मुलं निवडली. आणि चाचणीवरच सगळं सोडलं की काय होतं, त्याचंही उदाहरण तोच अभ्यास आहे. चाचणी देऊन ज्यांची निवड झाली नाही त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता नवोदयबद्दल एक शंका. जन्मतारखेची मुभा सव्वादोन वर्षांच्या आसपास असते. म्हणजे दहा वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल एकच पेपर देतं आणि गुण तसेच्या तसे लावले जातात. या वयात दोन वर्षं म्हणजे केवढं अंतर! आकृती मनातल्या मनात फिरवण्याची ताकद वयानुसार झपाट्याने वाढते. बुद्धिमत्ता चाचण्यांत वय लक्षात घेऊन गुण लावतात, ते याचसाठी. इथे ते होत नाही. मग काही घरांत मूल मुद्दाम उशिरा शाळेत घालतात.

---

वाड्यावरची | सोमवार, सकाळी १०:३०

आमच्या ओळखीत असं एक मूल आहे. पहिलीत दोनदा बसवलं. पालक उघड सांगतात, नवोदयसाठी.

---

सिंगापूरवासी मीना | सोमवार, दुपारी १:२०

मी मूळची साताऱ्याची, गेली चौदा वर्षं सिंगापुरात. इथला अनुभव तुमच्या चर्चेला जवळचा आहे.

इथे १९८४ पासून 'गिफ्टेड एज्युकेशन प्रोग्राम' होता. तिसरीच्या मुलांना, म्हणजे नऊ वर्षांच्या, दोन फेऱ्यांत पारखायचे आणि वरचा साधारण एक टक्का उचलून ठरलेल्या नऊ प्राथमिक शाळांत हलवायचे. पहिल्या फेरीला तिसरीतलं जवळजवळ प्रत्येक मूल बसायचं. आकडेमोड म्हणतात ती सरसकट चाचणी, बरोबर ना? तरी अन्याय संपला नाही. शिक्षण मंत्रालय वारंवार सांगत राहिलं की तयारी करून घेऊ नका, आणि गल्लोगल्ली या परीक्षेच्याच शिकवण्या निघाल्या. माझ्या मुलाच्या वर्गात दुसरीपासून निम्मी मुलं जायची. आम्ही घातलं नाही, आणि खरं सांगते, त्या वर्षी प्रत्येक रविवारी मला वाटायचं की मी लेकराचं नुकसान करतेय.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात जाहीर केलं की हा कार्यक्रम आहे त्या स्वरूपात बंद होणार. आता हुशार मुलांसाठीची जास्तीची सोय प्रत्येक प्राथमिक शाळेने स्वतःकडेच करायची, आणि काही विषयांपुरतं जवळच्या केंद्रावर शाळा सुटल्यावर जायचं. मूल आपल्या मित्रांतून उचललं जाणार नाही. आमच्या ओळखीतले काही पालक नाराज आहेत. जो मुलगा वर्गात एकटा पडतो त्याला त्याच्यासारखी चार डोकी मिळायची, ती आता मिळणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातही तथ्य वाटतं.

पण सिंगापूरची गोष्ट तुम्हाला जशीच्या तशी लागू नाही. इथे घराजवळची साधी शाळाही उत्तम असते. इथे हुकलं तर मूल चांगल्या शाळेतच राहतं. सरांच्या विद्यार्थिनीचं हुकलं तर ती फडात जाते.

---

माळरान | सोमवार, दुपारी २:०५

शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

माझा मूळ प्रश्नच वेगळा आहे. जिल्ह्यात पाचवीला हजारो मुलं, त्यातल्या ८० जणांना सगळं द्यायचं आणि बाकीच्यांना एकशिक्षकी शाळा. मग त्या ८० मध्ये कोण, यावर आपण रात्रभर भांडायचं. सगळ्या शाळा नीट केल्या तर हा धागाच लागणार नाही.

---

नवोदयन | सोमवार, दुपारी २:४०

माळरान, मान्य. पण "आधी सगळ्या शाळा सुधारा" हे मी चाळीस वर्षं ऐकतोय. तोवर माझ्यासारख्यानं काय करायचं होतं? सालदारकी?

केंद्रप्रमुख साहेब, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. पारधी वस्तीचं तुम्ही इतकं मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल नमस्कार. आणि एक कबूल करतो. माझा फॉर्म भरला गेला तो गुरुजींमुळे नव्हे. आमच्या गावात तेव्हा एक पोस्टमन होते, ते बाबांना म्हणाले, "याचा भर." बाबांना सही येत नव्हती, अंगठा त्यांनीच लावून घेतला. ते नसते तर माझ्यापर्यंत तो न्यायी पेपर आलाच नसता. हे इतकी वर्षं मी माझ्या हुशारीच्या खात्यात लिहीत होतो.

---

ओवीची आई | सोमवार, दुपारी ३:३०

मला एक विचारायचं आहे. नवोदयला उत्पन्नाची अट आहे का? आमच्या क्लासमध्ये दोन डॉक्टरांची आणि एका पेट्रोल पंपवाल्यांची मुलं आहेत. तिघंही कागदोपत्री ग्रामीण.

---

निवृत्त केंद्रप्रमुख | सोमवार, दुपारी ४:१०

नाही ताई, उत्पन्नाची अट नाही. ग्रामीण हाच निकष. १९८६ साली ग्रामीण म्हणजे गरीब आणि शहरी म्हणजे सुखवस्तू असं ढोबळ धरून चालत असेलही. आता खेड्यातल्या बागायतदाराचं, शिक्षकाचं, ठेकेदाराचं मूल आणि ऊसतोड्याचं मूल एकाच 'ग्रामीण' खान्यात येतं. उलट बाजूने, शहरी कोण हे २०११ ची जनगणना आणि त्यानंतरच्या सरकारी अधिसूचना यांवर ठरतं. तालुक्याची कितीतरी गावं अलीकडे नगरपंचायती झाली. तिथल्या झोपडीतल्या मजुराचं पोर एका अधिसूचनेने शहरी झालं. घर तेच, चूल तीच.

आठवीला 'एनएमएमएस' नावाची परीक्षा असते, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. तिथे पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतलं असावं लागतं. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. म्हणजे हुशारी आणि गरिबी दोन्ही एकत्र मोजणं सरकारला जमत नाही असं नाही, ते जमतं.

---

पेठेतला | सोमवार, सायंकाळी ६:४५

शहराकडचं थोडं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही संस्था १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांसाठीच सुरू केली. प्रशालेत पाचवीला प्रवेश चाचण्या घेऊन होतो. त्यात ज्ञानापेक्षा विचार कसा करता यावर भर असतो, असं मी तिथे शिकलेल्या मित्राकडून कायम ऐकत आलो. तरी चौथीच्या मुलांच्या आया वर्षभर नमुना प्रश्नांच्या झेरॉक्स एकमेकींना देत असतात, हे मी सोसायटीत पाहतो. मग वाटतं, तयारी न करता येणारी परीक्षा बनवता येते का? मला नाही वाटत. त्यापेक्षा तीच तयारी प्रत्येकाला फुकट द्यावी. दहा-बारा तासांचा सराव सगळ्यांना मिळाला तर निदान प्रश्न कळला नाही म्हणून मूल हुकणार नाही.

---

खडूफळा | सोमवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. शाळेतून आल्यापासून वाचतोय.

या सगळ्यातून मला जे सुचतंय ते मांडतो. परीक्षा ठेवा. मुलाखत नको, शिफारस नको. पण पालकाने किंवा शिक्षकाने फॉर्म भरायची अटच काढून टाका. जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळेच्या, अनुदानित शाळेच्या पाचवीतल्या प्रत्येक मुलाची, त्याच्याच शाळेत, आकृत्यांची तासाभराची चाचणी घ्या. नावं सरकारकडे सरल आणि यू-डायस या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींत आहेतच, ती वेगळी मागायची गरज नाही. त्यातली पुढची मुलं नवोदयच्या मुख्य परीक्षेला आपोआप पात्र धरा.

आणि दुसरं, जे माझ्यासाठी पहिलं आहे. दोन्ही परीक्षा दसऱ्याच्या आत घ्या. टोळ्या निघायच्या आधी. थंडीतली तारीख ठरवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल. त्यांना एवढंच ठाऊक नसेल की त्या दिवसांत बीड, अहिल्यानगर, जालना इथली पोरं साताऱ्यात, कोल्हापुरात, कर्नाटकात कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत असतात. डिसेंबर केला काय आणि जानेवारी केला काय, आमच्यासाठी दोन्ही सारखेच.

---

आकडेमोड | सोमवार, रात्री ९:५०

तारखेचा मुद्दा जबरदस्त आहे. त्याला पैसाही लागत नाही.

सरसकट चाचणीत एक धोका सांगून ठेवतो. स्वतःच्याच शाळेत परीक्षा म्हटलं की फळ्यावर उत्तरं येण्याची भीती आहे. निरीक्षक दुसऱ्या केंद्रातले हवेत, आणि चाचणीचा निकाल शाळेच्या कामगिरीला जोडता कामा नये. जोडला की संपलं.

---

वाड्यावरची | सोमवार, रात्री १०:०५

मुलींचं कोणी बोललंच नाही. एक तृतीयांश जागा मुलींना आहेत, पण निवड झाल्यावर "एवढ्या लांब, वसतिगृहात, नववीत परराज्यात?" म्हणून घरचेच नको म्हणतात. माझं तसंच झालं होतं. मी १९९९ साली लागले होते. आजोबा नाही म्हणाले. भाऊ दोन वर्षांनी लागला, त्याला ट्रंक घेऊन दिली.

---

ओवीची आई | सोमवार, रात्री १०:२०

वाड्यावरची ताई, काय लिहू. ओवी लागली तर मी तिला सोडायला स्वतः जाणार आहे.

खडूफळा सर, आमच्याकडे मागच्या दोन वर्षांचे सोडवलेले संच आणि आकृत्यांची तीन पुस्तकं आहेत. परीक्षा झाली की रिकामीच पडतील. पाठवू का?

---

माळरान | सोमवार, रात्री १०:३०

सर, ती मुलगी आता कुठे आहे?

---

खडूफळा | सोमवार, रात्री ११:१०

सातवीत आहे. आमच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत म्हणून अजून डोळ्यासमोर आहे. मागचे दोन हंगाम तिचे अर्धे बुडाले, तरी गणितात वर्गाच्या पुढे. अपूर्णांक तिला मी शिकवले नाहीत, उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या विकताना शिकली.

केंद्रप्रमुख साहेबांनी एनएमएमएसचं लिहिलं तेव्हा मी तोच विचार करत होतो. पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल. नवोदयला नववीत रिकाम्या जागांसाठी एक परीक्षा असते, तिचा फॉर्मही आठवीत असतानाच भरता येतो. जागा थोड्या, पण असतात. दोन्ही भरणार. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिच्या वडिलांना पुढच्या आठवड्यात तहसीलला घेऊन जातोय, कारण एकदा ते निघाले की दाखला मिळायचा नाही. या हंगामात तिला आजीकडे, मामाच्या गावाला, ठेवायचं त्यांनी कबूल केलंय. भावाचं काय, हा प्रश्न राहतो. त्याला मी माझ्या वर्गात बसवून घेईन असं म्हणालो आहे, पण रात्री तो कुठे झोपणार ते अजून ठरलेलं नाही.

या वर्षी पाचवीत १९ मुलं आहेत. १९ च्या १९ फॉर्म भरायला घेतले आहेत. चौदा झाले. राहिलेल्या पाचांत दोघांचं आधार अद्ययावत नाही, एकाचे आई-वडील आधीच निघून गेलेत, सही राहिली आहे.

ओवीच्या आई, पुस्तकं नक्की पाठवा. आणि ओएमआरचे, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेचे, कोरे कागद कुणाकडे असतील तर तेही. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.

---

नवोदयन | सोमवार, रात्री ११:२५

सर, कोरे ओएमआर मी छापून पाठवतो, हजार. आणि बॉलपेनं. निळी चालतील ना?

---

खडूफळा | सोमवार, रात्री ११:२८

निळी किंवा काळी, दोन्ही चालतात.